बाग आखायची असेल तर आधी टेप घ्या, फावडं नंतर

बागेचं वेड डोक्यात शिरलं की माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर रोपं आणतो. मीपण तेच केलेलं. १०-१२ रोपं आणि सोबत २२ नगांचा हत्यारांचा सेट, हिरव्या मुठींचा, पेटीत एकदम नीट रचलेला, बघूनच वाटायचं की झालो आता आपण माळी. पहिल्याच दिवशी त्यातलं ट्रॉवेल, म्हणजे एका हाताने खणायचं छोटं फावडं, कडक मातीत खुपसून जरा जोर लावला तर ते मानेतून चमच्यासारखं वाकलं. त्या २२ पैकी आज एकच वस्तू वापरात आहे, ती म्हणजे पेटी, तिच्यात मी बियांची पाकिटं ठेवतो.

तर मुद्दा असा की क्रम उलटा करायचा. आधी जागा, मग पाणी, मग वाटा, मग झाडं आणि हत्यारं सगळ्यात शेवटी, कारण कुठलं हत्यार लागणार हे तुमची माती आणि तुमचा नकाशा सांगतो, दुकानदार नाही. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, मध्ये मध्ये माझी बडबड आहे, ती सोडून वाचलंत तरी चालेल.

नकाशा

चौकटीचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट असं धरा. जागा मोठी असेल तर एक चौकट २ फूट. पहिल्यांदा घराची बाहेरची भिंत काढा, दारं-खिडक्या कुठे आहेत ते दाखवा, मग कुंपण, नळ, गटाराची झाकणं, पाण्याची टाकी, जे जे हलवता येत नाही ते सगळं. आधीपासून असलेलं झाड कागदावर नेमकं कुठे येतं हे अंदाजाने टाकू नका, घराच्या दोन कोपऱ्यांपासून त्याच्या बुंध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि कंपासने त्या दोन मापांचे कंस काढा, जिथे कंस एकमेकांना छेदतात तिथे झाड. दोन मिनिटांचं काम आहे आणि चूक होतच नाही.

जमिनीखालून काय गेलंय तेही याच वेळी शोधून काढा. पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेची केबल, गॅसची लाइन असेल तर ती. घराचे जुने प्लॅन असतील तर उत्तम, नसतील तर ज्या ज्या खात्याची लाइन आहे त्यांना विचारा, पण पहार मारून बघू नका.

उताराचं पण बघा. दोन खुंट्या ठोकून सुतळी बांधायची, सुतळीला मध्यभागी छोटी लेव्हल (बुडबुडा मधोमध आला की आडवं आहे हे दाखवणारी नळी) अडकवून सुतळी आडवी करायची आणि दोन्ही टोकांना जमिनीपासून उंची मोजायची, फरक म्हणजे उतार. घराला लागून असलेली जमीन घरापासून लांब उतरलीच पाहिजे, पहिल्या १० फुटांत साधारण ६ इंच उतार असेल तर पावसाचं पाणी पायाशी साचत नाही. भिंतीला टेकवून मातीचा उंच वाफा करण्याची हौस अनेकांना असते, नंतर आतल्या खोलीत ओल येते आणि मग रंगाला दोष देत बसतात.

नकाशा एकदा पक्का झाला की त्याच्या ४-५ झेरॉक्स काढा. मूळ कागदावर काहीही खोडायचं नाही, सगळे प्रयोग झेरॉक्सवर.

ऊन

हे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारं प्रकरण आहे. आपल्याला वाटतं आपल्याला माहितीये ऊन कुठे येतं, पण नसतं माहिती, कारण आपण ज्या वेळी घरी असतो तेवढंच आपण बघितलेलं असतं. एक सुट्टीचा दिवस काढा, वरच्या खिडकीतून किंवा गच्चीवरून सकाळी ८ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला एकाच जागेवरून फोटो काढा आणि रात्री बसून प्रत्येक भागाला किती फोटोंमध्ये ऊन आहे ते मोजा. ६ तास किंवा जास्त म्हणजे भरपूर ऊन, फळभाज्या आणि बहुतेक फुलझाडं इथे. ३ ते ६ तास म्हणजे अर्धसावली, पालेभाज्या इथे खुशीत राहतात. ३ तासांपेक्षा कमी असेल तिथे नेच्यासारखी पानांची झाडं लावा आणि फुलांचा हट्ट सोडा.

आता यात एक भानगड आहे. हे मोजमाप त्या ऋतूपुरतं खरं असतं. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, खालून जातो, त्यामुळे घराची सावली उत्तरेला लांबच लांब पडते आणि उन्हाळ्यात तीच सावली आखडून भिंतीजवळ येते. म्हणजे उन्हाळ्यात फोटो काढून तुम्ही जिथे टोमॅटो ठरवलेत तिथे थंडीत दिवसभर सावली असू शकते. म्हणून निदान दोनदा, ऋतू बदलल्यावर परत एकदा फोटो काढा. (दक्षिण गोलार्धात राहत असाल तर दिशा उलट धरा.) याच कारणाने उंच वाढणारं सगळं उत्तरेच्या बाजूला आणि बुटकं दक्षिणेला लावायचं, नाहीतर वेलाचा मांडव पुढे आणि मिरच्या मागे अंधारात असं होतं.

माती, पाणी आणि एक खड्डा

मातीसाठी लॅबमध्ये जायच्या आधी घरी दोन गोष्टी करून बघा.

एक, बरणी. काचेची उभी बरणी एक तृतीयांश मातीने भरा, दगड-मुळं काढून, वरून पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, झाकण लावून ५ मिनिटं जोरात हलवा आणि अशा ठिकाणी ठेवा की कोणी हात लावणार नाही. वाळू मिनिटाभरात खाली बसते, तिथे बरणीवर पेनाने रेघ मारा. दोनेक तासांनी पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक माती, बसतो, दुसरी रेघ. चिकण माती बसायला एक दिवस लागतो, कधी कधी जास्त. वरचं पाणी स्वच्छ झालं की तीन थरांची जाडी मोजा, तुमची माती कशी आहे ते समोर दिसतं.

दोन, खड्डा, आणि हा मी कोणालाच टाळू देत नाही. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा खणा, पाण्याने काठोकाठ भरा आणि जिरू द्या. ही पहिली भरणी मोजायची नाही, ती फक्त आजूबाजूची माती ओली करायला. मग परत भरा, आडवी काठी ठेवा, काठीपासून पाण्यापर्यंत पट्टी धरून दर तासाला किती खाली गेलं ते लिहा. तासाला १ ते ३ इंच उतरलं तर उत्तम निचरा. १ इंचापेक्षा कमी म्हणजे मुळं कुजणार, ४ इंचांच्या वर म्हणजे माती पाणी धरतच नाही, सारखं पाणी द्यावं लागेल आणि खतही वाहून जाईल.

माझ्याकडे दोन खड्डे होते, एकमेकांपासून जेमतेम १५ फुटांवर. एकात तासाला २ इंच, दुसऱ्यात पाणी रात्रभर तसंच, सकाळी त्यात आभाळ दिसत होतं. अजून खाली खणून बघितलं तर वर चांगली माती आणि तिच्याखाली बांधकामाच्या वेळचा राडारोडा, चुन्या-सिमेंटचा थर, ट्रकच्या चाकांनी दाबलेला. वरून बघून कोणालाही कळलं नसतं. आदल्या वर्षी त्या कोपऱ्यात तीन गुलाब गेले होते आणि मी खतं बदलत बसलेलो. नंतर तिथे सव्वा फुटाचा उंच वाफा बांधला आणि प्रश्न मिटला.

चिकण मातीत वाळू मिसळा असं जो तो सांगतो. थोडीथोडकी वाळू घातली तर उलट ती विटेसारखी घट्ट होते, फरक पडायला ढिगानेच घालावी लागते. त्यापेक्षा कंपोस्ट घाला, दर वर्षी २ इंचाचा थर, चिकण मातीलाही तेच औषध आणि रेताड मातीलाही तेच.

आणि माती कधी खणायची तर वाफशावर. मूठभर माती घेऊन दाबा, गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वाफसा आहे, खणा. गोळा आपटून नुसता चपटा झाला तर थांबा, ओल्या चिकण मातीत पाय घातलात तर अशी ढेकळं होतात की वर्षभर फोडत बसाल.

पाणी कुठून आणणार

साधा हिशोब. १०० चौरस फूट जागेवर एक इंच पाणी द्यायचं म्हणजे साधारण २३६ लिटर. आठवड्याला एक इंच हा भाजीच्या वाफ्यासाठी सर्वसाधारण धरतात, कडक उन्हात जास्तच लागतं. १० लिटरच्या झारीने हे करायचं तर २३-२४ खेपा, आणि भरलेली झारी १० किलोच्या वर. आता नळ कुठे आहे आणि तुमचा भाजीचा वाफा कुठे आहे ते नकाशावर बघा आणि ठरवा. मी पहिल्या वर्षी वाफा सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात टाकलेला कारण तिथे "छान दिसत होता".

म्हणून जास्त पाणी पिणारी झाडं नळाजवळ, मध्यम पिणारी त्याच्या पुढे आणि एकदा रुजल्यावर ज्यांना फारसं विचारावं लागत नाही ती कडेला, असे गट करा. तहानलेलं आणि कोरडं आवडणारं झाड एकाच वाफ्यात लावलंत तर दोघांपैकी एकाचा बळी ठरलेला.

वाटा आणि वाफे

माझी आवडती चूक इथली आहे. मी दारापासून मागच्या फाटकापर्यंत नागमोडी वाट केली, फरशीचे तुकडे बसवून, दोन रविवार घालवून, कडेला बुटकी फुलं वगैरे. दोन महिन्यांनी बघतो तर घरातले सगळे सरळ हिरवळीतून जातायत आणि तिथे आपोआप एक मळलेली पायवाट तयार झालीये. कचरा टाकायला निघालेला माणूस वळणं घेत जात नाही हो. शेवटी फरश्या उचलून त्या मळलेल्या वाटेवर टाकल्या.

म्हणजे करायचं काय, तर वाट बांधायच्या आधी १०-१५ दिवस पाइप नाहीतर दोरी जमिनीवर टाकून आखून ठेवा आणि घरातल्यांना काही सांगू नका. लोक जिथून चालतात तिथे वाट. वळण हवंच असेल तर वळणाच्या आत काहीतरी कारण ठेवा, एखादं झुडूप, मोठी कुंडी, म्हणजे सरळ जाताच येणार नाही.

रुंदी: दोन माणसं शेजारी शेजारी चालायची तर ४ फूट, हातगाडी न्यायची तर ३ फूट, वाफ्यांमधली नुसती काम करायची वाट दीड फूट पुरते. वाफा दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर ४ फूट रुंद, एकाच बाजूने पोचत असेल तर २ फूट. हे आकडे पण डोळे झाकून घेऊ नका, उकिडवं बसून हात लांब करा आणि कोणाला तरी टेप धरायला सांगा, जिथपर्यंत आरामात पोचतो ते तुमचं माप. वाफ्यात पाय टाकायची वेळ आली की माती दबते आणि मग भुसभुशीत करायचा सगळा खटाटोप वाया.

पायऱ्या लागत असतील तर घरातल्यापेक्षा बुटक्या आणि लांब करा, दुप्पट उंची अधिक पायरीची लांबी मिळून २४ ते २६ इंच यावी, म्हणजे ६ इंच उंच आणि १४ इंच लांब अशी पायरी चालायला मस्त वाटते. चौकोनी वाफ्याचा कोन काटकोनात आहे का बघायला एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट खुणा करा, तिरकं माप ५ फूट आलं की झालं.

मातीचा हिशोब आधीच करा. ८ बाय ४ फुटांचा, एक फूट उंच वाफा म्हणजे ३२ घनफूट, जवळजवळ ९०० लिटर. आपण चार गोण्या आणतो आणि त्या तळाला कुठे जातात कळतही नाही.

झाडं ठरवताना

रोप आज केवढं आहे हे विसरा, पूर्ण वाढ झाल्यावर त्याचा पसारा किती ते शोधा आणि नकाशावर त्या मापाचं वर्तुळ काढा. भिंतीपासून निदान त्या पसाऱ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर सोडा. कागदावर असं केल्यावर बाग एकदम रिकामी दिसते आणि मन भरत नाही, तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत पहिली २-३ वर्षं हंगामी फुलं, भाज्या लावा, पण ते झुडूप ५ फुटांवरून ३ फुटांवर ओढू नका. पुदिना मोकळ्या जमिनीत अजिबात नाही, कुंडीत किंवा बूड काढलेल्या बादलीत, नाहीतर तो पुढे तुमची बाग चालवायला घेतो.

लावून झाल्यावर २-३ इंच आच्छादन टाका, वाळका पाला, भुसा, लाकडाच्या ढलप्या, जे मिळेल ते. १०० चौरस फुटाला २ इंच थर म्हणजे अंदाजे ४७० लिटर माल. फक्त बुंध्याला चिकटवू नका, भोवती ३-४ इंच मोकळं ठेवा, खोडाला सतत ओल लागली की साल कुजते.

हिरवळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, बसायला-खेळायला जेवढी लागते तेवढीच करा, बाकी सगळी फुकटची चाकरी. गवत कापायचं मशीन १८३० मध्ये इंग्लंडच्या एडविन बडिंगने पेटंट केलं, लोकरी कापडावरची लव कातरायच्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ते सुचलं, त्याआधी हिरवळ ठेवायची म्हणजे लांब दांड्याचे विळे चालवणारी माणसं नाहीतर मेंढ्या. छोट्या हिरवळीला आजही हाताने ढकलायचं तसंच फिरत्या पात्यांचं मशीन पुरतं. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, नाहीतर गवत पिवळं पडतं.

आता हत्यारं

इथपर्यंत आलात म्हणजे तुम्हाला तीन गोष्टी माहिती आहेत, माती कशी आहे, वाफे जमिनीत आहेत की उंच, आणि किती छाटणी असणार. यावरूनच यादी बनते. नुसते उंच वाफे आणि कुंड्या असतील तर मोठी कुदळ-फावडं घ्यायची गरजच नाही, चांगलं खुरपं, एक मजबूत ट्रॉवेल आणि छाटणीची कात्री, बस. जमीन घट्ट चिकण असेल तर टिकाव किंवा चार दातांचा खणायचा काटा लागतो, काटा जास्त बरा, कारण तो माती उलटी न करता सैल करतो आणि ओल्यात चिकटत नाही. दगडगोटे असतील तर पहार. रेताड जमिनीत रुंद पात्याचं फावडं आणि घमेलं.

पहिल्या वर्षी मी कोणालाही सांगीन ते एवढंच: खणायला एक, खुरपायला एक, छाटायला एक, पाण्याला एक. दुसऱ्या वर्षी दाताळं, हातगाडी, करवत. कुंपणाची झुडपं कापायचं मशीन, जमीन नांगरायचं छोटं यंत्र असल्या गोष्टी वर्षातून दोनदा लागतात, त्या भाड्याने आणा किंवा शेजाऱ्याशी गोडीत राहा.

घेताना काय बघायचं. पहिलं म्हणजे पातं आणि दांडा जिथे जुळतात ती जागा, हत्यार मोडतं ते बहुतेक वेळा तिथेच. स्वस्त फावड्यात पत्रा वाकवून नळी केलेली असते, मागून उघडी, त्यात माती भरते, गंज धरतो आणि एक दिवस दांडा हातात आणि पातं जमिनीत. घडाईचं, म्हणजे तापवून ठोकलेलं हत्यार असेल तर लोखंड मानेजवळ जाड आणि धारेकडे पातळ होत जातं, पत्र्यातून कापलेलं असेल तर जाडी सगळीकडे सारखी. ट्रॉवेल घेताना पातं आणि मान एकाच तुकड्याचं आहे का बघा. माझं ते चमच्यासारखं वाकलेलं, त्यात मान वेगळी होती आणि एका टिकलीएवढ्या वेल्डिंगवर लटकत होती.

दांडा लाकडी असेल तर रेषा उभ्या, टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या हव्यात, आडव्या तिडव्या गेल्या असतील तर तिथेच तडकणार. गाठ नको. जाड रंग फासलेला दांडा मी घेत नाही, रंगाखाली काय लपवलंय कोण जाणे. दाताळं किंवा लांब दांड्याचं खुरपं शेजारी उभं धरलं की टोक खांद्याच्या वर, साधारण हनुवटीपर्यंत यावं, म्हणजे वाकावं लागत नाही. आणि दुकानात लाजायचं नाही, हातात घेऊन हवेत दहा वेळा खणायची ॲक्टिंग करा, मनगट कुरकुरलं तर ठेवून द्या.

स्टेनलेस की साधं पोलाद? स्टेनलेस गंजत नाही आणि चिकट मातीतून सुळकन निघतं. साध्या कार्बन स्टीलला धार चांगली येते, टिकते आणि घरी लावता येते, पण पुसून ठेवावं लागतं. तुम्ही हत्यार बाहेर विसरणाऱ्यांपैकी असाल तर खणायचं स्टेनलेसमध्ये घ्या, कापायचं मात्र कार्बन स्टीलच.

छाटणीच्या कात्रीवर पैसे वाचवू नका, बाकी कशावरही वाचवा. दोन जाती असतात. एकीत पातं दुसऱ्या जबड्याच्या शेजारून निसटून जातं, आपल्या साध्या कात्रीसारखं, तिला बायपास म्हणतात. दुसरीत पातं सपाट पट्टीवर येऊन दाबतं, ती अँव्हिल. ओल्या, जिवंत फांदीला बायपासच, कारण काप स्वच्छ येतो, अँव्हिल फांदी चेचते, ती वाळकी लाकडं तोडायला बरी. एकच घ्यायची तर बायपास. पाऊण इंचापर्यंत जाडी हातातल्या कात्रीने, दीड इंचापर्यंत लांब दांड्याच्या कात्रीने, त्याच्या पुढे करवत. कात्री पिळून पिळून जाड फांदी तोडणं हा पातं बिघडवायचा खात्रीचा मार्ग. पातं आणि स्प्रिंग सुटी मिळतात का विचारून घ्या. डावखुऱ्यांसाठी वेगळी येते, ती शोधा. कापताना पातळ पातं झाडाकडे राहणाऱ्या बाजूला आणि जाड जबडा फेकायच्या बाजूला.

करवतीने जाड फांदी कापताना एका दमात वरून कापू नका, अर्ध्यात फांदी आपल्या वजनाने तुटते आणि खोडाची साल सोलत खाली येते. बुंध्यापासून फूटभर लांब खालून थोडा काप, त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, आणि मग उरलेला खुंट. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, ते कडं राखून त्याच्या बाहेरून कापा, जखम तिथूनच भरते.

झारी घेताना एक मोठी घेण्यापेक्षा ५-५ लिटरच्या दोन घ्या, दोन हातात वजन सारखं राहतं, कंबर वाचते. झारीचं भोकांचं तोंड वर करून बसवता येत असेल तर कोवळ्या रोपांना तसंच पाणी घाला, पाणी वर उडून हलकं पडतं, बी उघडं पडत नाही. पाइपची लांबी नळापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, पण सरळ नाही, वाटेवाटेने, आणि ६ फूट जास्त धरा. मी सरळ मोजून घेतलेला, वळणं गेल्यावर बरोबर २ मीटर कमी पडला.

धार आणि सांभाळणं

काम झालं की माती खरवडा, पुसा, तेलाचा हात फिरवा. २ मिनिटं. हत्यारांच्या दांड्याला भडक लाल किंवा पिवळी टेप गुंडाळा, कारण हिरव्या मुठीचं खुरपं गवतात ठेवलं की गेलं, माझं एक चार महिन्यांनी कंपोस्टच्या ढिगात सापडलं.

कात्रीला धार लावताना आधी खोलून चिकट चीक काढा, गरम पाणी आणि साबण, घासून. बायपासच्या पात्याला धार एकाच बाजूला असते, तिरकी बाजू. कानस किंवा बारीक दगड त्याच तिरप्या कोनात ठेवून मुळापासून टोकाकडे, एकाच दिशेने, मागेपुढे घासायचं नाही. ८-१० हात मारल्यावर सपाट बाजूला बोट आडवं फिरवलं तर बारीकशी खरखर लागते, ती पात्यावरची कूस. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी टेकवून एकदाच हलकेच ओढा, कूस निघते. सपाट बाजूला कोन काढलात तर दोन पात्यांत फट पडते आणि कात्री कापायच्या ऐवजी फांदी चावायला लागते. झालं का बघायला कागद कापा. फावड्याला आणि खुरप्यालाही कानस मारा, लोक मारत नाहीत आणि मग म्हणतात जमीन कडक आहे.

गंजलेलं हत्यार रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून तेल. रोगट झाड छाटलं असेल तर पुढच्या झाडाला जायच्या आधी पातं ७० टक्के अल्कोहोलने पुसा.

हत्याराच्या डोक्यापाशी दांडा डुगडुगायला लागला तर पाण्यात भिजत ठेवू नका, लाकूड फुगून दोन दिवस घट्ट वाटतं आणि वाळलं की आधीपेक्षा सैल. नवी पाचर ठोका. वर्षातून एकदा दांडे पॉलिश पेपरने घासून जवसाचं तेल चोळा, कोरडं पडलेलं लाकूड ते घटाघट पितं, उरलेलं अर्ध्या तासाने पुसून टाका. आणि ज्या फडक्याने तेल चोळलं ते चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत, एकेरी पसरून, दगडाखाली दाबून वाळत घाला, पूर्ण कडक झालं की मगच कचऱ्यात.